आबांना काही विचारू नका

धुळ्यात देवपूरला खोली शोधत फिरत होतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या पानवाल्याने घर दाखवलं आणि वर फुकटचा सल्लाही दिला. "घर चांगलंय. अक्का म्हणजे देवमाणूस. फक्त आबांना काही विचारू नका." मला वाटलं, म्हातारा बहिरा असेल, नाहीतर तापट. तसलं काही नव्हतं. आबा खोटं बोलत नसत, एवढीच गल्लीची तक्रार होती.

आता तुम्ही म्हणाल, ही काय तक्रार झाली? मग राहून बघा अशा माणसाच्या घरात. मी तीन हिवाळे राहिलोय, म्हणून सांगतो.

खोली दाखवतानाच त्यांनी चुणूक दाखवली. घरमालक खोलीचं कौतुक करतो, भाडेकरू नाक मुरडतो, ही जगाची रीत. इथे मी आपला सहज विचारून गेलो, "कशी आहे खोली, आबा?" आबा दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "उन्हाळामा भट्टी शे. खिडकी उघाडी त समोरना घरनं भांडन ऐकू येस. मागला भाडेकरू भांडीसन गया."

मी हसून म्हटलं, "त्याचीच चूक असणार."

"नही. चूक मनी व्हती."

खोली घेतली.

आबा उमेदीत एका जिनिंगवर कापसाची प्रत ठरवायचे. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा आणि 'ओला' किंवा 'कोरडा' एवढंच म्हणायचं. शेतकऱ्याला वाटायचं हा व्यापाऱ्याचा माणूस, व्यापाऱ्याला वाटायचं हा शेतकऱ्याचा मेहुणा. दोन्हीकडून शिव्या खाऊन हा माणूस घरी येऊन निवांत जेवायचा. त्यांचा नियम साधा होता आणि तो ते कुणालाही ऐकवायचे, "इचारशी त सांगसु. नही इचारं त मी कशाले बोलू?" म्हणजे उगाच उठून कुणाच्या तोंडावर खरं मारणाऱ्यांतले ते नव्हते. ओट्यावर गप्प बसून असायचे. पण तो गप्पपणाच छळायचा हो! त्यांच्या समोरून नवा शर्ट घालून जावं, तर म्हाताऱ्याने नुसतं बघायचं आणि आपण दिवसभर आरशात स्वतःला तपासत बसायचं.

या एका माणसापायी अख्ख्या गल्लीला बोलायची निराळी सवय लागली होती. आबांसमोर कुणी प्रश्न विचारत नसे. "आबा, नवी साडी घेतली बरं का," म्हणायचं आणि पाय उचलायचे. "आबा, पोराचं ठरलं," म्हणायचं आणि पेढा हातावर ठेवून पळायचं. 'कशी आहे', 'कसं वाटलं' हे शब्द त्या ओट्याच्या चार हात अलीकडेच गिळायचे. नाशिकहून नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी अक्कांच्या घरी पूजेला एक लांबलचक भजन म्हटलं आणि हौसेने विचारलं, "आबा, आवडलं का?"

"दुसरं कडवं आवडनं," आबा म्हणाले.

बाई खुलल्या. "हो का? काय आवडलं त्यातलं?"

"ते लहान व्हतं."

त्या बाई पुढे महिनाभर दुसऱ्या रस्त्याने भाजीला जात होत्या.

माझी तर त्या घरात पंचाईतच. मी शेतीची औषधं विकतो. कीटकनाशकं, खतं आणि मुख्य म्हणजे टॉनिक. बाटली तीच, पण केळीवाला भेटला की ती केळीसाठी खास आणि कपाशीवाला भेटला की कपाशीसाठी खास. माझ्या धंद्यात खरं बोलायचं म्हणजे उपाशी निजायचं. एकदा सोनगीरहून एक शेतकरी थेट खोलीवर आला टॉनिक घ्यायला. मी आत बाटल्या काढतोय तोवर त्याने ओट्यावरच्या आबांना विचारलं, "आबा, औषध कामनं शे का?" मी आतून खोकून इशारा करतोय, पण काय उपयोग!

"माले ठाऊक नही," आबा म्हणाले. मला हायसं वाटतंय तोच पुढचं आलं. "पन हाऊ सोताना कुंडीमा टाकस नही."

दारात माझी एक गुलाबाची कुंडी होती. सोनगीरचा माणूस त्या कुंडीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि पाणी पिऊन निघून गेला. त्या दिवशी मी आबांशी कडाडून भांडलो. "धंदा बुडवता का माझा?" त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी खोटं सांगं का?" दुसऱ्या दिवसापासून मी कुंडीत टॉनिक टाकायला लागलो. गुलाबाला काही फरक पडला नाही, हेही आबांनी पाहिलं. नशीब, मी विचारलं नाही.

पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे, ती सांगितल्याशिवाय आबा पुरे व्हायचे नाहीत. गल्लीतला एक म्हातारा वारला. आमच्याकडे अशा वेळी भेटायला जातात, त्याला दारावर जाणं म्हणतात. सगळे बसले होते आणि प्रत्येक जण गेलेल्याला थोडाथोडा देव करत होता. कुणी म्हणे राजा माणूस, कुणी म्हणे मुंगीलाही दुखावलं नाही. म्हातारी भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी ऐकत होती. एकदम ती आबांकडे वळली, "आबा, तुम्ही सांगा. कशे व्हतात हो ते?"

आबा म्हणाले, "भांडकुदळ व्हता. मनासंगे धा सालपासून बोले नही. पन तू आजारी व्हती तव्हय, तुनं धुनं धुतांना मी पाह्यं त्याले. मागला दारले, लपीसन."

म्हातारी आधी हसली आणि मग जी रडली! सकाळपासून रडली नव्हती ती बाई. निघताना आबांच्या चपला मीच शोधून दिल्या.

आता अक्कांकडे येतो. अक्का म्हणजे आबांच्या उलट टोक. बोलक्या, हौशी आणि गोड थापा मारण्यात पटाईत. गॅसवाल्याला "बाळा, तुझी फार आठवण काढत होते," म्हणून सिलिंडर आत स्वयंपाकघरापर्यंत ठेवून घ्यायच्या. गल्लीत त्यांचं नाव होतं ते भरितासाठी. हिवाळा लागला की अंगणात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर मोठाली हिरवी वांगी भाजायच्या, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, आणि संगतीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. दहा-बारा पानं मांडायची. अक्का प्रत्येकाच्या पानाशी वाकून विचारायच्या, "कसं व्हयनं रे?" आणि आम्ही सगळे एका सुरात, "वा अक्का! असं भरीत अख्ख्या खान्देशात नाही!" आबांच्या पानाशी आल्या की मात्र मुक्याने वाढायच्या आणि पुढे सरकायच्या. आबाही मान खाली घालून जेवायचे. दुसऱ्यांदा घ्यायचे, तिसऱ्यांदा घ्यायचे, पण चकार शब्द नाही.

आता सांगायला हरकत नाही, भरीत अळणी असायचं. थोडंसंच, पण असायचं. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. घरून चिमूटभर मीठ कागदात बांधून आणणारे महाभागही मी पाहिलेत.

मी एकदा अक्कांना विचारलं, "आबांना का नाही विचारत, कसं झालंय म्हणून?"

त्यांनी मला वेड्यात काढलं. "तुले काय याड लागनं का भाऊ? चाळीस वरीसना संसार शे. एक वांगापायी मोडू का?"

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास अक्कांच्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या. पुण्याचा मुलगा आणि सून आले. डॉक्टरांनी मुलाला आणि आबांना केबिनमध्ये बसवून सांगितलं, की कॅन्सर आहे, पण वेळेत सापडलाय, ऑपरेशन लगेच करा. मुलाने बाहेर येताच आपल्या घराघरांत जे ठरतं तेच ठरवलं. आईला सांगायचं नाही. साधी गाठ आहे म्हणायचं. आणि दुसरं ठरवलं, की आबांना तिच्या खाटेपाशी फिरकू द्यायचं नाही.

मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "काका, तुम्ही आबांना घरीच सांभाळा. आईने विचारलं तर हे सगळं ओकून मोकळे होतील. धसका घेईल हो ती."

मला वाटलं, आबा आकाशपाताळ एक करतील. पण ते मुकाट्याने ओट्यावर येऊन बसले. दवाखान्यात जायचं नावच काढीनात. चहा नेला तर चहा गार व्हायचा. शेवटी मीच म्हटलं, "आबा, अक्कांना भेटायचं नाही का?"

विचारलं होतं, तेव्हा सांगणं भाग होतं. "भेव वाटस," ते म्हणाले. "जनमभर तिनी माले काही इचारं नही. आते इचारी."

ज्या माणसाला मी दगड समजत होतो, तो आपल्या बायकोच्या एका प्रश्नाला घाबरून घरात दडून बसला होता.

तिकडे दवाखान्यात सगळ्यांनी मिळून गोड बोलायचा नुसता धुमाकूळ घातला. गल्लीतल्या बायका रोज जाऊन सांगायच्या, "काही नाही हो अक्का, चार दिवसांत घरी." पारोळ्याची नणंद एका लग्नातल्या मानपानावरून कित्येक वर्षं रुसलेली होती. ती पिशवीभर सफरचंदं घेऊन आली, अक्कांच्या गळ्यात पडली आणि माफी मागून गेली. ज्या सुनेने सासूच्या हातचा चहाही कधी धड घेतला नव्हता, ती पाय दाबायला बसली. आणि कळस केला आमच्या नाशिकच्या बाईंनी. त्यांनी मोबाइल पुढे धरला आणि म्हणाल्या, "अक्का, भरीत कसं करायचं ते सांगा ना. असंच, आठवण म्हणून राहील."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अक्कांनी सही करायला नकार दिला. ऑपरेशन नको, काही नको, मला घरी न्या. मुलगा रडला, सून रडली, डॉक्टर रागावले. अक्कांचं एकच पालुपद, "त्यासले बलावा. बाकीना कोनी माले सांगू नका." ऑपरेशन लांबवण्यात धोका आहे, हे डॉक्टरांनी बजावलेलं. मुलाने घायकुतीला येऊन मला फोन केला. "घेऊन या आबांना. पण काका, तुमच्या पाया पडतो, रस्त्यात त्यांना एवढं एकच वाक्य शिकवा. साधी गाठ आहे. बस्स, तीन शब्द."

मी आबांना गाडीवर मागे बसवलं. पांझरेच्या पुलावर गाडी बाजूला घेतली आणि शिकवणी सुरू केली. मी असल्या कामात मुरलेला माणूस. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

"आबा, म्हणा, साधी गाठ आहे."

"कोन म्हनस असं?"

"कोणी नाही. तुम्ही म्हणायचं."

त्यांनी घसा खाकरला. "तू म्हनस, साधी गाठ शे."

"अहो, माझं नाव नको! नुसतं साधी गाठ शे."

"साधी गाठ..." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "...नही शे."

"आबा!"

"तू कसं करस रे हाई? रोज?"

"सवय आहे आबा."

"पहिलांदा खोटं बोलना, तव्हय तुना पोटमा काही व्हयनं नही?"

"आठवत नाही मला."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "हाई खरं बोलना का खोटं?"

मी गाडीला किक मारली. या म्हाताऱ्याला शिकवता शिकवता माझाच धंदा बसायचा.

खोलीत पोचलो तर अक्का उठून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण आवाज तोच खणखणीत. मुलाला, सुनेला बाहेर घालवलं. मीही निघालो, तर म्हणाल्या, "भाऊ ऱ्हावू दे. तो काही आपला नातेवाईक नही, तो रडाव नही." दार लोटलं गेलं. दारामागे मुलगा कान लावून उभा आहे, हे फटीतून दिसत होतं.

"बसा," अक्का आबांना म्हणाल्या. आबा स्टुलावर बसले. अक्कांनी पदर सारखा केला. "माले काय व्हयेल शे?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठ हलवून तीन शब्द सांगितले. आबांनी तोंड उघडलं. "साधी..." म्हणाले आणि थांबले. मग हातातली टोपी मांडीवर ठेवली.

"गाठ शे. कॅन्सरनी शे."

बाहेर कुणीतरी हुंदका दिला. "गप रे तू!" अक्का दाराकडे बघून ओरडल्या. मग आबांना म्हणाल्या, "कितली मोठी शे?"

"लहान शे. डाक्टर म्हने, येळवर सापडनी. काढी टाकी का बरं व्हस."

"बठ्ठासले बरं व्हस?"

"बठ्ठासले नही. बराच जनसले व्हस, असं म्हने."

"आनी नही काढी त?"

"त वाढी. मंग तू मरी जाशी." हे बोलताना त्यांचा आवाज फाटला. मी त्यांचा आवाज फाटलेला त्याआधी कधी ऐकला नव्हता.

अक्का वाट बघत राहिल्या. "आनी?"

"आनी काही नही. इतलंच."

"इतलंच?" अक्का उशीला टेकल्या आणि असा सुस्कारा सोडला, की सलाइनची नळी हलली. "अय माय! मी त समजनू, मी दोन दिननी पाहुनी शे! सूननी पाय दाबात, नंनद माफी मांगी गयी, ती बाईनी मना भरीतनं शूटिंग करं! जिता मानूसनं असं कोनी करस का? माले वाटनं, आते काही ऱ्हायनं नही, मंग कशाले चिरफाड? ओ पोऱ्या, आन तो कागद!"

मुलगा डोळे पुसत आत आला. अक्कांनी सही ठोकली आणि त्याला फैलावर घेतलं. "साधी गाठ म्हने! साधी गाठले कोनी पुनाहून येस का?" मग सफरचंदांच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आनी हाई बठ्ठं लई जाय आते. माले सफरचंद आवडस नही."

आम्ही निघालो. आबा दाराशी पोचले असतील, तोच मागून हाक आली.

"थांबा. आते इचारी टाकस. मना हातनं भरीत तुम्हले कसं लागे?"

आबा वळले. मी मनात म्हटलं, देवा, उद्या बाईचं ऑपरेशन आहे. आज तरी.

"मीठ कमी ऱ्हाये," आबा म्हणाले.

अक्कांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "चाळीस वरीस? मंग सांगं काबर नही?"

"तू इचारं काबर नही?"

"अळनी भरीत खाये हाऊ मानूस!" अक्का माझ्याकडे बघून कडाडल्या. "आनी तुम्ही बठ्ठा वा अक्का, वा अक्का! थांबा, माले घर येऊ द्या. दाखाडस एकेकले."

डॉक्टर नंतर म्हणाले, इतक्या तावातावाने ऑपरेशनला गेलेली बाई त्यांनी पाहिली नव्हती.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढचे उपचार त्रासाचे होते. अक्कांचे केस गेले, तोंडाची चव गेली. "कशी दिसस मी?" त्या रोज सकाळी आबांना विचारायच्या आणि आबा रोज खरं सांगायचे. "वाईट दिसस. पन कालथून बरी." ते 'कालथून बरी' ऐकायला त्या सकाळची वाट बघायच्या. आमच्या "छान दिसताय अक्का"ला त्या घरात कवडीची किंमत उरली नव्हती.

आणि थंडी पडली. अक्का हट्टाने उठल्या. अंगणात काड्या पेटल्या, वांगी भाजली गेली, पानं मांडली गेली. अक्का डोक्याला स्कार्फ बांधून वाढायला निघाल्या, पण या खेपेला त्यांनी आम्हाला कुणालाच विचारलं नाही. सरळ आबांच्या पानाशी गेल्या, वाढलं, आणि तिथेच उभ्या राहिल्या. आबांनी घास घेतला. दहा-बारा माणसांनी आपापले घास हातातच धरले.

"कसं शे?"

आबांनी सावकाश चावलं. गिळलं. वर बघून म्हणाले, "चांगलं शे."

अक्का पदराने डोळे टिपत आत निघून गेल्या. आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. आबांचं 'चांगलं' होतं ते! चाळीस वर्षांत पहिलं. मी भरल्या डोळ्यांनी घास तोंडात घातला.

खारट! जीभ भाजावी इतकं खारट. चाळीस वर्षांचं राहिलेलं मीठ अक्कांनी एका दिवसात घातलं होतं. मी शेजारी पाहिलं. नाशिकच्या बाई घटाघटा पाणी पीत होत्या. पानवाला डोळे मिटून गिळत होता. कुणी ब्र काढला नाही. आबा मात्र मान खाली घालून जेवत होते. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं.

जेवणं झाल्यावर आबा ओट्यावर येऊन बसले, मी शेजारी बसलो. आत भांड्यांचा आवाज येत होता आणि अक्का काहीतरी गुणगुणत होत्या. प्रश्न अगदी माझ्या जिभेवर आला होता. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं. मी उठून त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं, आणि ते त्यांनी एका दमात संपवलं.